चांदीचा थेंब कोणाच्या वाट्याला?

आपल्या समाजात चांदीला दोन अर्थ आहेत. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी हवी, देवघरात चांदीचे निरांजन हवे, मिठाईवर चांदीचा वर्ख हवा. हा झाला पावित्र्याचा आणि ऐपतीचा अर्थ. दुसरा अर्थ बाजारातला. एखाद्याला अनायासे भरपूर नफा झाला, की 'त्याची चांदी झाली' असे आपण म्हणतो. वैद्यकाच्या क्षेत्रात जंतुनाशक म्हणून चांदीचा जो उपयोग आज चालला आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. म्हणून या विषयाकडे केवळ विज्ञानातील एक कुतूहल म्हणून पाहणे पुरेसे नाही.

दात घासण्याच्या ब्रशाच्या केसांत चांदी आहे, टूथपेस्टमध्ये चांदी आहे, पायमोजे, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आणि कपडे धुण्याची यंत्रे यांतही चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, अशा जाहिराती आपण पाहिल्या आहेत. याच धातूपासून तयार होणारे दुसरे एक द्रव्य आहे. त्याचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्याची बाटली तळहातावर मावते. लहान मुलाच्या किडलेल्या दाताला ते लावले, तर बहुतेक वेळा कीड तेथेच थांबते. त्यासाठी वीज लागत नाही, दात कोरण्याचे यंत्र लागत नाही, भुलीची सुईही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. पहिल्या प्रकारची चांदी, जेथे तिची काही गरज नाही अशा घरांत, विनासायास पोचते. दुसऱ्या प्रकारची चांदी जेथे खरी गरज आहे तेथे क्वचितच पोचते. ही विसंगती का निर्माण होते आणि ती दूर करण्यासाठी काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चांदी जंतू कशी मारते

प्रथम थोडे विज्ञान. धातुरूपातील चांदी जवळजवळ निष्क्रिय असते. जंतू मारतात ते चांदीपासून सुटणारे विद्युत्भारित कण, म्हणजे तिचे आयन. हे आयन जंतूच्या प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना घट्ट चिकटतात, त्याच्या आवरणाला इजा करतात, त्याची श्वसनक्रिया बंद पाडतात आणि आनुवंशिक द्रव्याच्या कार्यात अडथळा आणतात. अनेक प्रतिजैविके जंतूच्या एखाद्याच मर्मावर आघात करतात; चांदीचे घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसतात. तिचे सामर्थ्य यात आहे.

अतिसूक्ष्म कणांचे महत्त्वही येथूनच समजते. हे कण साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खडीसाखरेचा खडा पाण्यात हळूहळू विरघळतो, पण तोच कुटून टाकला तर चटकन विरघळतो, कारण पाण्याशी संपर्क येणारा पृष्ठभाग वाढतो. चांदीचेही तसेच आहे. तिचे कण जितके बारीक, तितके आयन अधिक सुटतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्राणवायू पूर्णपणे वगळून प्रयोग केले, तेव्हा या कणांचा जंतूंवर परिणाम दिसला नाही; कारण प्राणवायूवाचून आयन सुटतच नाहीत. म्हणजे नॅनोकणांत कोणतीही जादू नाही. ते आयनांचे कोठार आहेत. म्हणूनच एखाद्या वस्तूत 'चांदी आहे' एवढ्या सांगण्याला काही अर्थ उरत नाही. किती आयन सुटतात, नेमके कोठे सुटतात आणि किती काळ टिकतात, हे विचारले पाहिजे. जाहिरात नेमके हेच सांगत नाही.

तान्ह्या डोळ्यांपासून जळित कक्षापर्यंत

चांदीच्या वैद्यकीय इतिहासातील पहिला मोठा विजय हा गरिबांच्या प्रसूतिगृहातील विजय होता. जन्माच्या वेळी मातेच्या शरीरातील परम्याचे जंतू बालकाच्या डोळ्यांत शिरत आणि त्याला कायमचे अंधत्व येई. जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास प्रारंभ केला. त्यांच्या प्रसूतिगृहात दर शंभर बालकांपैकी सुमारे दहांना होणारा हा रोग शेकडा एकाच्याही खाली आला. पुढे प्रतिजैविकांची मलमे आली आणि हा थेंब मागे पडला. परंतु साधे, स्वस्त आणि सुईणीच्याही हाती देता येईल असे औषध केवढे काम करू शकते, हे त्याने दाखवून दिले.

दुसरा अध्याय भाजलेल्या रुग्णांचा. १९६५ मध्ये कार्ल मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या भाजण्यावर सिल्व्हर नायट्रेटच्या ०.५ टक्के द्रावणाचा उपयोग प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा औषध यांचा संयोग करून सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम पुढे आणले. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या जळित कक्षांतून गेली अनेक दशके दिसणारे पांढरे मलम ते हेच. या कक्षांत कोण असते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात भारतात १ लाख ६३ हजारांहून अधिक माणसे जळून मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १५ ते ३४ या वयोगटातील होत्या. स्टोव्हचा भडका, नायलॉनची साडी आणि हुंड्याचा लोभ यांनी जाळलेल्या या देहांवर चांदीचे मलम लावले जात होते. चांदी जंतू थोपवू शकते. समाजाने लावलेली आग ती विझवू शकत नाही.

पण या मलमाचीही परीक्षा झाली पाहिजे. जखमांवरील चांदीयुक्त औषधांच्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. या औषधांनी संसर्ग टळतो किंवा जखम लवकर भरते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सिल्व्हर सल्फाडायझिनने भाजलेली जखम भरण्यास उलट अधिक वेळ लागतो, असे काही चाचण्यांत आढळले. आपल्या महाराष्ट्रातही या प्रश्नावर काम झाले आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरल्याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९९१ मध्ये मध आणि चांदीचे मलम यांची १०४ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध झाली व तीत मध सरस ठरला. एका केंद्रातील अशा निष्कर्षांवरून एकदम धोरण आखावे असे नाही. परंतु आपल्याच रुग्णालयांतील डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या ऐपतीचा विचार करून प्रस्थापित औषधाला प्रश्न विचारावा, ही वृत्ती मोलाची आहे. चांदीला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. जेथे दुसरे काही नाही तेथे हे मलम आजही उपयोगी आहे आणि ते अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. पण ते सवयीने नव्हे, विचाराने वापरले पाहिजे.

महाग चांदी आणि खोटी चांदी

याच काळात चांदीचा दुसरा प्रवास सुरू झाला, तो श्रीमंत रुग्णालयांच्या दिशेने. चांदीच्या कणांनी युक्त मलमपट्ट्या आल्या, चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्या आल्या. कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी घशातून घालावयाच्या अशा नळीची मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या नळीच्या रुग्णांत शेकडा ७.५ जणांना होणारा न्यूमोनिया चांदीच्या नळीमुळे शेकडा ४.८ वर आला. हा लाभ खरा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. ज्या रुग्णालयात हात धुण्यास साबण नाही आणि तीस रुग्णांमागे एक परिचारिका आहे, तेथे पहिला पैसा कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न अशा वेळी विचारावाच लागतो.

खोट्या चांदीची कथा याहून वाईट आहे. 'चांदीचे पाणी' या नावाने, चांदीचे कण तरंगत असलेले द्रव सर्व रोगांवरील उतारा म्हणून विकले जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच असे जाहीर केले की, पोटात घेण्याच्या अशा चांदीयुक्त औषधांना सुरक्षित व गुणकारी मानता येत नाही. तरीही २०२० मध्ये कोविडची साथ येताच त्याच देशात हे पाणी कोविडवरील उपाय म्हणून विकणाऱ्यांना सरकारला ताकीद द्यावी लागली. असे पाणी दीर्घकाळ पिणाऱ्याच्या कातडीत चांदी साचते, कातडी निळसर करडी होते आणि हा रंग पुन्हा जात नाही. माणसांच्या भीतीवर कोणाची तरी चांदी होते, ती अशी.

याहून गंभीर आक्षेप सार्वजनिक हिताचा आहे. चांदीला जंतू कधीच दाद देणार नाहीत असे नाही. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातील जळित कक्षात सिल्व्हर नायट्रेटला, आणि त्याबरोबरच काही प्रतिजैविकांनाही, न जुमानणारे साल्मोनेला जंतू सापडल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रतिकार ज्या जनुकांमुळे येतो ती १९९९ मध्ये ओळखली गेली, आणि ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात हेही स्पष्ट झाले. असे असता मोजे आणि सदरे यांत चांदी भरण्याचे प्रयोजन काय? २००८ मध्ये अॅरिझोना राज्यातील संशोधकांनी असे मोजे साध्या पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काहींतील जवळजवळ सगळी चांदी मोजक्याच धुण्यांत निघून गेली. ती गटारात जाते, तेथून नदीत जाते आणि वाटेतल्या असंख्य जंतूंना तिची सवय होते. पायांचा वास घालवण्यासाठी जळित कक्षातील शस्त्र बोथट करणे हा सार्वजनिक संपत्तीचा अपव्यय आहे. विहीर गावाची असेल, तर एकाला तीत म्हशी धुण्याची मुभा देता येत नाही.

दातांची कीड आणि वर्ग

आता दातांकडे वळू. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे, आणि दुधाचे दात किडलेली सुमारे ५१ कोटी मुले आहेत. दातांची कीड ही क्षुल्लक बाब नाही. दाढ ठणकणारे मूल जेवत नाही, झोपत नाही, वर्गात लक्ष देत नाही. मजुराच्या घरी ते रडून रडून गप्प होते, कारण तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. आपल्या देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत व त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. तेथे भरलेली फी वसूल करावयाची तर शहरातच दवाखाना थाटावा लागतो. दोष त्या तरुण डॉक्टरांचा नाही, त्या व्यवस्थेचा आहे.

या पार्श्वभूमीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे महत्त्व समजते. किडलेल्या दातांवर चांदीचा क्षार लावण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पर्सी हाउ यांनी १९१७ मध्येच तसे द्रावण सुचविले होते. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातील संशोधनातून चांदी आणि फ्लोराइड यांचा संयोग झाला आणि १९७० पासून ३८ टक्के तीव्रतेचे हे औषध तेथे वापरात आले. चांदी किडीतील जंतू मारते, फ्लोराइड दाताचा मऊ पडलेला भाग कठीण करते. एका थेंबात चार-पाच दातांचे काम होते. वर्षातून दोनदा लावल्यास दुधाच्या दातांतील सुमारे ८० टक्के किडी थांबतात, असे चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत दिसून आले आहे.

या चाचण्या कोठे झाल्या, तेही पाहण्यासारखे आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी चीनमधील ग्वांगझूच्या बालवाड्यांतील ३७५ मुलांवर झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली क्यूबामधील सँटियागो शहरातील चाचणी सहा वर्षांच्या ४२५ मुलांवर, शाळेतच, दर सहा महिन्यांनी औषध लावून तीन वर्षे चालली; औषध न लावलेल्या मुलांपेक्षा लावलेल्या मुलांत नवी कीड कितीतरी कमी पडली. आर्थिक कोंडीत सापडलेल्या देशाने, शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलांसाठी, हे करून दाखविले. अमेरिकेत मात्र या औषधाला २०१४ पर्यंत मान्यताच नव्हती, आणि मिळाली तीही दातांच्या अतिसंवेदनशीलतेसाठी. जे औषध पेटीतून न्यायचे आणि ज्याला यंत्र वा खुर्ची लागत नाही, त्याच्यामागे विक्रेता धावत नाही, हे या दीर्घ विलंबाचे एक कारण असावे असे मानण्यास जागा आहे. पुढे न्यू यॉर्क शहरातील गरीब वस्त्यांच्या शाळांतून हजारो मुलांवर काम झाले, आणि हे साधे औषध दातांवर लेप चढवण्याच्या महागड्या पद्धतीच्या तोडीचे असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लावणाऱ्यांत शाळेतील परिचारिकाही होत्या.

काळ्या डागाचा प्रश्न

या औषधाचा एक दोष उघड आहे. किडलेला भाग त्याने कायमचा काळा होतो. यावरून 'हे गरिबांचे औषध, श्रीमंतांच्या मुलांना पांढरे दात आणि गरिबांच्या मुलांना काळे' असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप पोकळ नाही. सामाजिक विषमतेवर दातांच्या रंगाची मोहोर उठावी, हे आपण सहजपणे स्वीकारता कामा नये. पण पर्याय काय आहे, हेही पाहिले पाहिजे. त्या मुलाच्या वाट्याला आज पांढरा दात नाही. तपकिरी, सडणारा आणि दुखणारा दात आहे. काळा पण न दुखणारा दुधाचा दात काही वर्षांत पडून जाईल. पुढच्या दातांबाबत आईबापांना डाग दाखवून, समजावून सांगून, त्यांची संमती घ्यावी; संमती नसेल तर लावू नये. कीड मुळापर्यंत पोचून गळू झाले असेल किंवा चांदीचे वावडे असेल, तर हे औषध चालत नाही. तेथे दंतवैद्यच हवा.

खरे म्हणजे नॅनोकणांच्या संशोधनाचे खरे काम येथे आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण, फ्लोराइड आणि कायटोसान नावाचा नैसर्गिक पदार्थ यांचे असे मिश्रण केले की, ज्याने दात काळा पडत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत शाळकरी मुलांच्या १३० किडलेल्या दुधाच्या दातांचा समावेश होता. एकदाच औषध लावून वर्षअखेरीस सुमारे दोन-तृतीयांश दातांतील कीड थांबलेली होती. औषध न लावलेल्या दातांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होते. चाचणी लहान आहे, आणि अधिक पुराव्याची आवश्यकता आहे. पण मोज्यांत घातलेला कण आणि या थेंबातील कण एकाच जातीचे आहेत; फरक आहे तो कोणाची गरज समोर ठेवून विज्ञान कामाला लावले, याचा. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी हे काम हाती घ्यावे, अशी अपेक्षा करण्यात काही गैर नाही.

काय करता येईल

यासाठी नवी योजना, नवे भवन, नवा निधी यांची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जावे, अशी योजना आहे. ज्या विकारांसाठी मुलांची तपासणी होते त्यांत दातांची कीड आहेच. पथक कीड पाहते, नोंद करते आणि पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी देते. त्या चिठ्ठीचे पुढे काय होते, ते पाड्यावरच्या आईला विचारावे. औषध वर्षातून दोनदा लावायचे आहे आणि पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाते. मग त्या पथकाच्या पेटीत ही लहानशी बाटली का असू नये?

यात अडचणी आहेत. कायद्यान्वये दातांवरील उपचार हे नोंदणीकृत दंतवैद्याचे क्षेत्र आहे. परिचारिकेने हे औषध लावावयाचे तर तिला प्रशिक्षण, दंतवैद्याची देखरेख आणि नियमांत स्पष्ट तरतूद हवी. दंतवैद्यांच्या संघटना यास विरोध करतील अशी शंका घेण्यापेक्षा त्यांना विश्वासात घ्यावे. कारण पुढे पाठवण्याची खरी गरज असलेले रुग्ण त्यांच्याकडेच येणार आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे जावे. पहिली, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड सरकारी खरेदीच्या यादीत असावे आणि जिल्ह्यातील बाल स्वास्थ्य पथकांच्या पेटीत ते प्रत्यक्ष असावे. दुसरी, पथकांतील परिचारिकांना ते लावण्याचे प्रशिक्षण व अधिकार मिळावेत आणि पालकांच्या लेखी संमतीची मराठीत व आदिवासी बोलींत सोय असावी. तिसरी, नित्य वापराच्या वस्तूंत चांदीचे कण घालणाऱ्या उत्पादकांवर प्रमाण आणि प्रयोजन सिद्ध करण्याची सक्ती असावी. याबरोबर शाळेच्या दारातील गोळ्याबिस्किटांच्या पुड्यांकडेही पाहावे लागेल. साखर तशीच चालू राहिली, तर थेंब किती दिवस पुरणार?

पण या मागण्या करण्यापूर्वी एक साधे काम प्रत्येकाला करता येईल. आपल्या गावच्या अंगणवाडीत जावे, पथक या वर्षी किती वेळा आले ते नोंदवहीत पाहावे, आणि ज्या मुलांच्या नावापुढे किडलेले दात अशी नोंद आहे त्यांपैकी किती जणांवर उपचार झाले ते घरोघर जाऊन विचारावे. तो आकडा हाती घेऊनच समितीच्या बैठकीला जावे.